येझदीच्या पोटातली हवा

मागच्या डिसेंबरात भल्या सकाळी सोलापूरहून अक्कलकोटला निघालो होतो. गाडी बाबांची येझदी रोडकिंग, तीन महिने घरच्या घरी खपून इंजिन पूर्ण खोलून परत बांधलेलं, कुंभारी मागं पडली, वळसंग यायचं होतं आणि पन्नास-पंचावन्नच्या स्पीडला इंजिनचा आवाज एकदम जड झाला, मागचं चाक घासलं, मी क्लच दाबला आणि गाडी कडेला जाऊन थांबली. पिस्टन पकडला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट चिकटून बसला होता. नवा पिस्टन, नव्या रिंगा, ताजं बोअर केलेलं सिलिंडर, ऑइल मापात, तरी पकडला. आणि तेही मे महिन्यात नाही, स्वेटर घालून चालवत असताना.

गाडी टेम्पोत टाकून आणली आणि दुसऱ्या दिवशी लेथवाल्या मामांकडं गेलो. मामा एमआयडीसीत पॉवरलूमचे शाफ्ट आणि बुश बनवतात, जुन्या गाड्यांचे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारे शाफ्ट, तेही तेच प्रेस करून देतात. पिस्टन हातात घेऊन त्यांनी दोनदा फिरवला, सायलेन्सरकडच्या अंगाला उभे ओरखडे होते, प्लग पांढराफटक, म्हणजे इंजिन जास्त तापलेलं. मला म्हणाले, "का बे, सील बदललास का?" मी म्हटलं, "मामा, सील चांगले दिसत होते म्हणून ठेवले." ते म्हणाले, "दिसत होते म्हणजे काय, हवा दिसती का तुला?"

सील म्हणजे क्रँकच्या टोकांभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कड्या. हा सगळा लेख मामांच्या त्या एका वाक्यावर आहे. टू-स्ट्रोक इंजिन घरी बांधणारे आपण सगळे पिस्टन, रिंग, बोअर यात जीव ओततो, आणि ज्या गोष्टीवर हे इंजिन खरोखर चालतं ती म्हणजे त्याच्या पोटातली हवा, तिच्याकडं कुणी बघत नाही.

रोडकिंगचं मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या जावामध्ये आहे. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली प्रागमध्ये ही कंपनी काढली, त्यांच्या नावातलं 'या' आणि वांडरर या जर्मन गाडीतलं 'वा' मिळून 'यावा', आपण म्हणतो जावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनायला लागल्या, पुढं येझदी नाव आलं, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण जुनी येझदीसुद्धा तिशीच्या आसपास आहे, आणि तिच्या आतलं रबर बदललं नसेल तर तेही तेवढंच जुनं. हे लक्षात ठेवा, रबराकडं परत यायचंय.

आता इंजिन कसं चालतं ते बघू. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला व्हॉल्व्ह असतात. येझदी टू-स्ट्रोक, तिच्यात व्हॉल्व्ह नाहीतच. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टनच वरखाली होताना त्या उघडतो-झाकतो. पण ताजं मिक्स्चर सिलिंडरमध्ये ढकलणार कोण? तर पिस्टनच्या खालची, क्रँक जिथं फिरतो ती बंद खोली, म्हणजे क्रँककेस. पिस्टन वर जातो तेव्हा खाली पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल-ऑइल आत ओढलं जातं, पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिक्स्चर दाबलं जातं आणि बाजूच्या ट्रान्सफर पोर्टमधून वर उसळतं. एकाच पिस्टनची वरची बाजू इंजिन आणि खालची बाजू पंप. ही युक्ती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांची, साधारण १८९० च्या सुमाराची, आणि अजून तशीच चालतीय.

येझदीचं बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, ७५, म्हणजे पिस्टनच्या एका खेपेला सुमारे २४९ घनसेंटिमीटर जागा मोकळी होते. चार हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला जवळजवळ ६७ वेळा फिरतो, एका फेऱ्याला १५ मिलिसेकंद, आणि त्यातलं ट्रान्सफर पोर्ट उघडं असतं फार तर पाच मिलिसेकंद. आपल्या सोलापूरकरांना हे समजवायला माग पुरेसा आहे. ताण्याचे धागे वरखाली होऊन वाट उघडते, त्या क्षणात धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला पाहिजे, जोर कमी पडला तर धोटा मधेच अडकतो आणि कापड खराब होतं. बाबांनी अठ्ठावीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली, त्यांना हे मी सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "म्हणजे खालचा दाब म्हणजे धोट्याला मारायचा दांडा." अगदी बरोबर.

आणि हा दाब किती असतो? फार थोडा. वर सिलिंडरमध्ये मिक्स्चर सात-आठ पट दाबलं जातं, पण खालच्या खोलीत जेमतेम सव्वा ते दीड पट, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा पाव ते अर्धा जास्त. एवढ्याशा दाबावर सगळा कारभार, म्हणून तिथं केसाएवढी फट पडली तरी इंजिनला कळतं.

क्रँकची दोन टोकं या खोलीच्या दोन बाजूंनी बाहेर येतात, डावं क्लचकडं, उजवं डायनॅमोकडं. फिरत्या लोखंडाभोवती हवा अडवायचं काम दोन रबरी ऑइल सील करतात. क्लचकडचा सील गेला की पोकळीच्या वेळी गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येतो, वास वेगळा येतो, गिअर ऑइल कमी होत जातं, म्हणजे हा सील ओरडून सांगतो. डायनॅमोकडचा सील गेला तर बाहेरची नुसती हवा आत येते. धूर नाही, वास नाही. पेट्रोल तेवढंच आणि हवा जास्त, यालाच मेकॅनिक मिक्स्चर लीन झालं म्हणतात, ज्वलन जास्त गरम होतं, शिवाय टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येतं त्यामुळं वंगणाचा वाटाही घटतो. माझा हाच सील होता. आणि इंजिनने सूचना दिली होती बरं का, थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली येत नव्हती, दोन-तीन सेकंद वरच रेंगाळायची. मी ते कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग समजून स्क्रू फिरवत बसलो. असं तुमच्या गाडीला होत असेल तर स्क्रूला हात लावू नका, आधी इंजिन एअर घेतंय का ते बघा.

ते बघायचं कसं? यासाठी मी घरातलं बीपीचं जुनं मशीन वापरलं, फुगा आणि घड्याळवालं. त्याचं घड्याळ ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातं, म्हणजे सुमारे ०.४ बार, क्रँककेसमध्ये जो दाब होतो जवळजवळ तोच. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली आणि त्या लोखंडी कवचात नळी पक्की बसवली. सिलिंडरची दोन्ही सायलेन्सरची तोंडं आणि कार्ब्युरेटरचं तोंड सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि क्लिप लावून बंद केली. पिस्टन अगदी खाली आणला, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात आणि सिलिंडर-क्रँककेस एकच खोली होते. मग फुगा दाबत काटा ३०० वर नेला. हात काढला आणि काटा वीस सेकंदात शंभरच्या खाली! साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो, सिलिंडरखालचं पॅकिंग ठीक, क्लचची बाजू ठीक, डायनॅमो काढून उजव्या सीलवर फेस टाकला तर त्याच्या ओठाच्या, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेच्या, खालच्या बाजूला बारीक बारीक बुडबुडे, तांदूळ शिजताना येतात तसे. दोन मिनिटं बघतच राहिलो.

सील काढून वाकवला तर ओठाला भेगा. नायट्राइल रबरात ते मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं उष्णतेने आणि वर्षांनी निघून जातात, रबर कडक होतं. वरून चकचकीत दिसतं. नवे सील मी व्हायटॉन रबराचे घातले, ते उष्णता आणि इथेनॉल दोन्ही जास्त सोसतात, किमतीत थोडा फरक आहे पण इथं पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मामा म्हणाले नुसता सील बदलून भागणार नाही. येझदीचा क्रँक एका तुकड्याचा नसतो, दोन जड चकत्या, मधे पिन, सगळं दाबून बसवलेलं. कनेक्टिंग रॉड बदलताना ते वेगळं करून परत प्रेस करतात आणि तेव्हा दोन्ही टोकं एका रेषेत राहिली नाहीत तर क्रँक डुलतो. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, लावला तर आमचा नऊ शतांश मिलिमीटर डुलत होता, कागदाच्या जाडीएवढा. सेकंदाला ६७ वेळा एवढं डुलणाऱ्या शाफ्टला रबराचा ओठ चिकटून राहणार कसा, आणि नवा सीलही किती दिवस टिकणार? मामांनी तांब्याच्या हातोडीने एकेक ठोका मारत, दर ठोक्याला गेज बघत, तासाभरात तो दोन शतांशावर आणला. ठोका कुठं आणि किती जोरात हे गेज सांगत नाही, ते हात सांगतो, आणि सोलापुरात असे हात मागांनी तयार केलेत.

बेअरिंग बसवायला मात्र हातोडी अजिबात नको. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, आणि ॲल्युमिनियमचं केसिंग आईच्या भाकरीच्या मोठ्या तव्यावर मंद आचेला, वर थेंब टाकला की चर्र होऊन उडेल इतपत. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. साधारण ५० मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी तापलं तर नऊ शतांश मोठं होतं, थंड बेअरिंग तेवढ्यात दोन-तीन शतांश आक्रसलेलं असतं. हातमोजे घालून बेअरिंग नुसतं वर धरलं आणि सोडलं, 'टक्' करून आपोआप तळाला. दहा सेकंदांत ते असं धरलं गेलं की हलेना.

हाच फुगण्याचा हिशेब पिस्टनलाही लागतो. ६५ मिलिमीटरचा सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा पिस्टन दर १०० अंशांना सुमारे १३ शतांश फुगतो, बिडाचं सिलिंडर सात शतांश. त्यात पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो कारण त्याची बरीचशी उष्णता रिंगा आणि भिंत यांच्यातूनच बाहेर पडते. म्हणून थंड असताना त्यांच्यात केसाएवढी मोकळीक ठेवतात, आणि पिस्टन वरच्या बाजूला मुद्दाम किंचित बारीक केलेला असतो. लीन मिक्स्चरने उष्णता वाढली की ही मोकळीक संपते, ऑइलचा थर फाटतो आणि धातू धातूला चिकटतो. पिस्टन पकडला म्हणजे हेच.

आता डिसेंबरचं कोडं. थंड हवा दाट असते. मे महिन्यातली ४२ अंशांची सोलापूरची दुपार आणि डिसेंबरातली १५ अंशांची सकाळ यांच्यात हवेच्या घनतेत नऊ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. कार्ब्युरेटर हवा वजनाने मोजत नाही, त्यामुळं तोच जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, थंडीत चार-साडेचार टक्के लीन पडतो. उन्हाळ्यात उलट, मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, गाडी जरा मंद वाटते पण पिस्टनला तेवढा धोका कमी. मी गाडी ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी ट्यून केली होती! त्यात हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, साध्या पेट्रोलला एका भागाला साडेचौदा भाग हवा लागते तर या मिश्रणाला साडेतेराच्या आत, म्हणजे जुन्या जेटवर परत सात-आठ टक्के लीन. थंडी, इथेनॉल आणि फुटका सील, तिघंही एकाच दिशेने ओढत होते. सील ठीक असता तर पहिली दोन कदाचित निभावली असती.

एक गैरसमज इथंच सांगतो, लोक म्हणतात पकडतंय ना, मग ऑइल वाढव. लिटरला ४० मिलीच्या जागी ७० घातलं तर जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मिक्स्चर आणखी लीन. ऑइल मापातच ठेवा आणि मेन जेट दोन नंबर मोठा घालून बघा.

अपग्रेड म्हणून मी एकच मोठी गोष्ट केली, सहा व्होल्टचा डायनॅमो आणि ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट काढून बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. चार हजार आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक २४ अंश फिरतो, त्यामुळं ठिणगी किंचित मागंपुढं झाली तरी फरक पडतो, आणि पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होऊन ठिणगी उशिरा पडायला लागते. आता ती झीज नाही आणि हेडलाइटही डोळ्यांना दिसेल असा लागतो. पोर्ट घासून मोठे करायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, तो मी ऐकला नाही, कारण पोर्टची उंची बदलली की सगळं टायमिंग बदलतं आणि काढलेलं बीड परत लावता येत नाही.

फेब्रुवारीत इंजिन परत जोडलं. पेट्रोल घालण्याआधी बीपीचं मशीन लावलं, ३०० ला नेलं आणि आई चहा घेऊन येईपर्यंत बघत बसलो, दहा मिनिटांत काटा २९० वर. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी चष्मा लावून काटा स्वतः वाचला, मग म्हणाले किक मी मारतो. तिसऱ्या किकला सुरू झाली. थ्रॉटल सोडला की रेस धपकन खाली.

परवा वळसंगच्या पुढं जाऊन आलो, त्याच रस्त्याने. घरी येऊन प्लग काढला तर भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा रंग, चटणी कांडायच्या आधी असतो अगदी तसा.