लेझरनं चष्मा घालवताना: टेबलावर झोपल्यावर काय काय होतं

लेझरची तारीख ठरली की काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो पैशांचा नाही, "भूल देता का?" हा. नाही देत. सुई नाही, टाका नाही. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतो, तेवढ्यावर भागतं. तुम्ही पूर्ण जागे असता. म्हणूनच पुढं काय होणार हे आधी माहीत असलेलं बरं, ऐन वेळी दचकायला होत नाही.

लेझर कॉर्नियावर होतं, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यावर. तो मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, बहुतेकांचा 540 मायक्रॉनच्या आसपास. एक नंबर उतरवायला त्यातले साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात, लेझर मारण्याआधी कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा उचलतात तो 100 ते 120 चा, आणि खाली निदान 250 शिल्लक राहायलाच हवेत. हा हिशेब बसला नाही, किंवा कॉर्निया शंकूसारखा पुढं येतोय अशी शंका आली, तर आम्ही नाही म्हणतो. राग मानू नका. वय 18 पूर्ण हवं, नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी थांबावं.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स तपासणीच्या आधी दोन आठवडे बंद, कडक लेन्स त्याहून जास्त दिवस. लेन्सनं कॉर्नियाचा आकार दबतो, मग माप चुकतं आणि लेझर चुकीच्या मापावर होतं. "काल बहिणीच्या हळदीत तेवढी लावली होती" हे आम्हाला सांगा. तारीख पुढं ढकलू, रागावणार नाही.

त्या दिवशी डोकं धुऊन या, नंतर काही दिवस डोक्यावरून अंघोळ नाही. काजळ, सुरमा, पावडर नको. अत्तर आणि बॉडी स्प्रे तर अजिबात नको, त्यांच्या वाफेनं लेझरच्या कामात अडथळा येतो. जेवून या आणि सोबत कुणाला तरी आणा.

आता टेबलावर. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेची छोटी चाप बसवतात. ताण जाणवतो, दुखत नाही. मग डोळ्यावर एक कडं टेकवून आतली हवा ओढून घट्ट धरतात. दाब येतो आणि काही सेकंद समोरचं अंधुक होतं, कुणाकुणाला पूर्ण काळोख. लोक घाबरतात ते नेमकं इथंच. नजर गेलेली नसते, कडं सोडलं की उजेड परत येतो. तेवढ्या वेळात पापुद्रा तयार होतो, डॉक्टर तो पुस्तकाच्या पानासारखा एका बाजूला उलटतात. हिरवा किंवा लाल ठिपका दिसेल, त्याच्याकडं बघत राहा. टक-टक आवाज येतो आणि केस जळाल्यासारखा वास. काही जळत नसतं. हा 193 नॅनोमीटरचा अतिनील किरण उष्णतेनं भाजत नाही, कॉर्नियातल्या रेणूंमधले बंध तोडतो, त्याचा तो वास. एका डोळ्याला हे काम बहुतेकदा मिनिटभराच्या आत संपतं. शिंक आली तर? डोळा थोडा हलला तर यंत्र त्याच्या मागं जातं, जास्त हलला तर आपोआप थांबतं. शेवटी पापुद्रा जागेवर बसवतात. तो टाक्याशिवाय चिकटतो, पण पहिले दिवस नाजूकच असतो.

घरी जाताना कडब्याचं कुसळ डोळ्यात गेल्यासारखं टोचेल, पाणी येईल, चार-सहा तास. थेंब टाका आणि झोपा. चोळायचं मात्र नाही. पापुद्रा सरकला तर पुन्हा टेबल. रात्री झोपेत हात जातो म्हणून प्लास्टिकची वाटी चिकटवून देतो, ती काढू नका. उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाईकडून येणाऱ्यांनी एसटीत खिडकी सोडावी, मोटारसायकल तर नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी असते, त्यामुळं शक्य असेल तर लातुरात पाहुण्यांकडं मुक्काम करा.

कॉर्निया पातळ असेल तर पापुद्रा न उचलता वरचा थर काढून लेझर करतात. त्यात दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. परीक्षेच्या तोंडावर हे करू नका. भरतीची तयारी करणाऱ्यांनी आपल्या जाहिरातीतली वैद्यकीय अट आधी वाचावी, ती प्रत्येक दलात वेगळी असते.

शेतकरी मंडळींना एकच सांगणं: सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत तारीख घेऊ नका. मळणी यंत्राचा भुसा आणि ओला पापुद्रा यांचं जमत नाही. विहिरीत पोहणंही महिनाभर बंद.

डोळे कोरडे वाटणं, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसणं हे काही महिने चालू शकतं. एकदम दुखायला लागलं किंवा नजर कमी झाली तर मात्र तारखेची वाट न बघता यावं. आणि चाळिशी लेझरनं टळत नाही. वाचायला चष्मा लागेल तेव्हा लागेलच.

ऑपरेशनआधीच्या मापांचे कागद फाइलमध्ये देतो. पुढं मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला डॉक्टर तीच मापं मागतील, तेव्हा ती फाइल शेताच्या सातबाऱ्याशेजारी ठेवा.