प्लाझ्मावाले ‘काळा’ म्हणतात तेव्हा

दादरला माझ्या मोठ्या मामांकडे ५० इंची प्लाझ्मा टीव्ही आहे. २०११ च्या मार्चमध्ये घेतलेला. २ एप्रिलला वर्ल्ड कपची फायनल वानखेडेवर होती आणि ती नव्या टीव्हीवरच बघायची असं मामांनी ठरवून टाकलं होतं. आजही घरी कुणी नवा माणूस आला की मामा आधी ट्यूबलाइट घालवतात, खिडकीचा पडदा ओढतात, वरखाली काळ्या पट्ट्या येतात असा एखादा सिनेमा लावतात आणि म्हणतात, “आता पट्टी कुठे संपते नि टीव्हीची चौकट कुठे सुरू होते ते दाखव.” दाखवता येतं, पण डोळे ताणावे लागतात. आमच्या घरच्या त्या काळच्या एलसीडीवर याच पट्ट्या पावसात भिजलेल्या पाटीसारख्या निळसर करड्या दिसायच्या.

ज्यांनी चांगला प्लाझ्मा वापरला, त्यांची बोलणी सगळीकडे जवळपास सारखीच असतात. काळा खरा काळा आहे. चित्राला खोली आहे. क्रिकेटचा बॉल शेपूट सोडत नाही. बराच वेळ बघितलं तरी डोळ्यांना त्रास होत नाही. पाठोपाठ तक्रारीही येतात: तापतो, काचेत खिडकी दिसते, जवळ बसलं की अंधारात मुंग्या दिसतात, चॅनेलचा लोगो पडद्यावर बसतो. ही स्तुती आणि या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात खऱ्या, पण काच सोडली तर बहुतेकांचं मूळ एकाच जागी सापडतं. त्यासाठी १९६४ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी पहिला प्लाझ्मा पडदा तयार केला. टीव्हीचा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात नव्हता. ‘प्लेटो’ नावाच्या, कॉम्प्युटरवरून शिकवण्याच्या प्रकल्पासाठी त्यांना पडदा हवा होता. पिक्चर ट्यूबवरचं चित्र सेकंदाला कित्येकदा पुन्हा पुन्हा काढावं लागतं, आणि ते साठवून ठेवायला मेमरी लागते. त्या काळात मेमरी प्रचंड महाग होती. म्हणून त्यांनी दोन काचांमध्ये वायू भरलेले बारीक कप्पे केले आणि त्यांना सतत उलटसुलट बदलणारा विद्युतदाब दिला. एकदा पेटवलेला कप्पा विझवेपर्यंत पेटलेलाच राहतो, न पेटवलेला तसाच अंधारात राहतो. म्हणजे पडदाच स्वतःची मेमरी झाला. पुढे प्लेटोच्या टर्मिनलांवर ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे, निऑनच्या नारिंगी उजेडाचे पडदे आले.

या कप्प्याला दोनच गोष्टी माहीत: पेटलेलं असणं आणि विझलेलं असणं. अक्षरं दाखवायला तेवढं पुरे. पण माणसाचा चेहरा दाखवायचा, संध्याकाळचं आभाळ दाखवायचं, तर मधल्या छटा आणायच्या कुठून?

उत्तर वेळेत सापडलं. कप्पा अर्धवट पेटत नसेल, तर तो किती वेळा चमकतो हे तर ठरवता येतं. चित्राची प्रत्येक फ्रेम आठ-दहा-बारा तुकड्यांत वाटायची, प्रत्येक तुकड्यात चमकांची संख्या वेगळी ठेवायची, आणि कुठल्या कप्प्याने कुठल्या तुकड्यांत भाग घ्यायचा ते ठरवायचं. बेरीज डोळा करतो. कप्प्यात निऑन आणि झेनॉनचं मिश्रण असतं, त्यातून अतिनील किरण निघतात आणि भिंतीवरचा लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर, म्हणजे असे किरण पडले की चमकणारा लेप, उजळतो. फुजित्सू या जपानी कंपनीत त्सुताए शिनोदा यांनी हे रंगीत तंत्र घडवलं. १९९२ साली कंपनीचा २१ इंची रंगीत पडदा आला आणि नव्वदच्या दशकातच ४२ इंची. मुंबईच्या शोरूममध्ये प्लाझ्मावर ‘६०० हर्ट्झ’ असा स्टिकर असायचा तो याच तुकड्यांचा हिशेब. सेकंदाला ५० फ्रेम, प्रत्येकीचे १२ तुकडे.

मालकांच्या अर्ध्या बोलण्याचा उलगडा इथेच होतो. गडद छटेला फार थोड्या चमका वाट्याला येतात, त्यामुळे तिथे बारीक पायऱ्या करता येत नाहीत. मग शेजारच्या ठिपक्यांत छटा विखरून ती उणीव झाकतात. जवळ बसणाऱ्याला दिसणाऱ्या मुंग्या त्याच. बॉल शेपूट सोडत नाही याचंही कारण हेच. एलसीडी एक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो आणि सरकणाऱ्या वस्तूमागे फिरणारा आपला डोळा ती फासून टाकतो. प्लाझ्मा चमकतो आणि विझतो, त्यामुळे डोळ्याला फासायला फारसं काही उरत नाही. हिरवा फॉस्फर विझायला जरा वेळ घेतो, म्हणून पांढऱ्या कडेमागे कधी पिवळट-हिरवी झाक दिसते. ती एकदा नजरेत आली की मग दिसतच राहते. आपलं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, त्यामुळे उजळ दृश्यात थोडं लुकलुकणंही जाणवायचं. ६० हर्ट्झच्या देशांतल्या मालकांना हा त्रास कमी.

आता काळा. विझलेला कप्पा पूर्ण अंधारात असायला हवा, पण तसं होत नसे. कप्पा वेळेवर पेटायचा तर त्यात थोडे मोकळे विद्युतभार आधीच तयार लागतात. त्यासाठी प्रत्येक कप्प्याला, काळ्या जागेतल्यालाही, ठरावीक वेळाने एक ठिणगी द्यावी लागते. जातायेता चुलीतला निखारा फुंकून ठेवावा तसं. या ठिणगीचा उजेड पडतोच. सुरुवातीच्या रंगीत प्लाझ्मावर रात्रीचं दृश्य करडं दिसायचं ते यामुळे.

माझ्या मते पुढच्या पंधरा वर्षांत प्लाझ्मावर जे मोलाचं काम झालं, ते ही ठिणगी लहान करण्याचं होतं. इलिनॉयमध्येच घडलेले लॅरी वेबर यांनी विद्युतदाब एका झटक्यात चढवण्याऐवजी चढणीसारखा हळूहळू चढवला. स्फोटासारखी ठिणगी पडायची ती मंद झाली. त्यांची प्लाझ्माको कंपनी १९९६ साली मात्सुशिताने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने विकत घेतली. दुसरीकडे पायोनियर या जपानी कंपनीने कप्प्यांमध्ये बारीक स्फटिकांचा थर दिला. त्यामुळे कप्पा पटकन पेटू लागला आणि आधीच्या ठिणगीची गरज कमी झाली. २००७ साली या मालिकेला त्यांनी ‘कुरो’ नाव दिलं. जपानीत कुरो म्हणजे काळा. पुढच्या वर्षीच्या कुरोमध्ये काळ्याचा उजेड इतका उतरला की तो कँडेला या उजेड मोजण्याच्या एककाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागे. २००८ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात त्यांनी एक नमुना ठेवला होता, त्यात काळा मुळीच उजळत नव्हता. तो बाजारात आला नाही. त्याच वर्षी पायोनियरने स्वतः पॅनेल, म्हणजे कप्प्यांचा पडदा, बनवणं सोडायचं ठरवलं आणि २००९ च्या फेब्रुवारीत टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

ज्यांच्याकडे कुरो आहे ते अजून त्याचं नाव जपून घेतात. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. ज्या यंत्राचं नावच त्याच्या सगळ्यात कठीण कामावरून ठेवलं, आणि ते काम त्याने केलं, त्याच्याबद्दल माणसं असंच बोलणार.

पुढची चार-पाच वर्षं पॅनासॉनिकची. त्यांच्या प्लाझ्मा टीव्हींची व्हीटी मालिका दरवर्षी सुधारत गेली. २०१३ च्या झेडटी६० मध्ये पुढची काच थेट पॅनेलला चिकटवली, मधली हवेची फट काढली, त्यामुळे आतलं परावर्तन घटलं. सॅमसंगचा एफ८५०० त्याच वर्षीचा, त्यातल्या त्यात उजेडाला जास्त टिकणारा. ऑक्टोबर २०१३ मध्ये पॅनासॉनिकने प्लाझ्मा बंद करत असल्याचं सांगितलं. २०१४ संपेपर्यंत सॅमसंग आणि एलजीही थांबले.

उत्तम चित्र असून असं का झालं? कारण बरीच खरेदी शोरूममध्ये व्हायची, आणि शोरूममध्ये रात्र नसते. पांढऱ्या झगझगीत दिव्यांखाली दहा टीव्ही ओळीने लावलेले, सगळ्यांवर भडक रंगांचा मोड. तिथे एलसीडी तळपायचा आणि प्लाझ्मा मंद वाटायचा. शिवाय सगळा पडदा पांढरा झाला की वीज आवाक्यात ठेवायला प्लाझ्मा आपोआप उजेड कमी करतो, ते समोरच दिसायचं. काळा बघायला घरी न्यावा लागे. मुंबईतल्या घरांत तर एकच खोली दिवसा बैठकीची, संध्याकाळी अभ्यासाची आणि रात्री झोपायची. दिवे घालवून सिनेमा बघणं म्हणजे अख्ख्या घराची परवानगी काढणं. एलसीडी स्वस्त आणि हलके होत होते, वर ४के, म्हणजे आणखी बारीक ठिपक्यांचं चित्र, येऊ घातलं होतं. तेवढ्या लहान कप्प्यांतून पुरेसा उजेड काढायचा तर विजेचा हिशेब बसत नव्हता. दुबई-बँकॉकहून सामानात फ्लॅट टीव्ही आणणं हा मुंबईकरांचा नेहमीचा मार्ग होता. २६ ऑगस्ट २०१३ पासून त्यावरची शुल्कमाफीही गेली.

मामांच्या टीव्हीवर खालच्या बाजूला, एका बातम्यांच्या चॅनेलची लाल पट्टी असायची तिथे, करड्या दृश्यात अजून फिकट सावली दिसते. फॉस्फर जिथे जास्त वापरला गेला तिथे जास्त झिजला. मामी दिवसभर बातम्या लावून ठेवायच्या, याचा राग मामांनी बरीच वर्षं धरला. विजेबद्दल मात्र ते न्यायाने बोलतात: अंधाराचा सिनेमा लावला तर प्लाझ्मा कमी वीज खातो, बातम्यांचा पांढरा स्टुडिओ लावला तर जास्त. कप्पे जेवढे चमकतील तेवढं बिल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीने ओएलईडी घेतला. त्यात प्रत्येक ठिपका खरोखर विझतो, निखारा राखावा लागत नाही. मामा तिच्याकडे गेले, स्वतःच दिवे घालवले, बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “काळा माझ्यापेक्षा सरस आहे, मान्य. पण मॅच लाव.” मॅच लावली. सीमारेषेकडे जाणारा बॉल जरा फासलेला दिसला, कारण ओएलईडीही एलसीडीसारखाच फ्रेम धरून ठेवतो. मामा काही बोलले नाहीत. मला वाटतं, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मागच्या पावसाळ्यात मामांच्या टीव्हीचं चित्र अचानक गेलं, आवाज तेवढा चालू. लॅमिंग्टन रोडहून एक कारागीर आला. त्याने मागचा पत्रा उघडला, मीटर लावला आणि म्हणाला, “पॅनेल चांगलं आहे. वाय-सस गेलाय.” वाय-सस म्हणजे कप्प्यांना चमकत ठेवणारा, दोनशे व्होल्टच्या आसपासचे ठोके देणारा बोर्ड. नवा कुठे मिळत नाही. चार दिवसांनी तो काच फुटलेल्या दुसऱ्या एका टीव्हीतून काढलेला बोर्ड घेऊन आला, स्क्रू आवळले, प्लग लावला. पडद्यावर आधी किंचित करडा उजेड आला, मग चित्र. मामांनी उठून ट्यूबलाइट घालवली.