बाळ रडलं म्हणजे भूकच लागली?

‘बाळ सारखं रडतंय म्हणजे आईचं दूध पुरत नाही, वरचं दूध सुरू करा.’ पूर्वी हा सल्ला बाळंतिणीच्या खोलीत मिळायचा, आता फॉरवर्डमधून येतो. देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण रडणं ही भुकेची पहिली खूण नाही.

भूक लागली की बाळ आधी चुळबुळतं, ओठ चाटतं, मूठ तोंडाकडे नेतं. गालाला बोट लागलं की तिकडे वळून तोंड उघडतं. हे हुकलं, की मग टाहो. तोवर ते इतकं चिडतं की आधी शांत करावं लागतं, तेव्हा कुठे नीट पितं.

शिवाय ओलं दुपटं, उकाडा, गोंगाट, अर्धवट झोप यांनीही बाळ रडतं. कधी नुसती कूस हवी असते. साधारण ६ आठवड्यांपर्यंत रडणं वाढतं, विशेषतः संध्याकाळी, आणि ३-४ महिन्यांत ओसरतं. पोटभर प्यालेली बाळंही रडतात. अशा वेळी वरचं दूध दिलं तर बाळ अंगावर कमी ओढतं, म्हणून दूध कमी तयार होतं, आणि मग सल्ला खरा होता असं वाटू लागतं!

पडताळायचं तर लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान ६ वेळा फिकट शू झाली आणि वजन वाढत असलं, तर दूध पुरतंय. शू कमी झाली, बाळ सुस्त पडलं किंवा ताप आला, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.