जबडा सांगतो बाई की पुरुष

उसाच्या फडात किंवा पडक्या विहिरीत सांगाडा सापडला, की पंचनाम्यानंतरचा पहिला प्रश्न असतो: बाई की पुरुष? एवढं कळलं तरी बेपत्ता माणसांची यादी जवळपास निम्मी होते. हाडांवरून उंची काढायची सूत्रंही दोघांची वेगळी असतात.

कमरेच्या हाडांचं उत्तर सगळ्यांत खात्रीचं. पण ती सापडतातच असं नाही. खालचा जबडा हे चेहऱ्यातलं सर्वांत मजबूत हाड, ते बहुधा टिकतं.

अक्कलदाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेलं, की डोक्याभोवती यंत्र फिरवून दोन्ही जबड्यांचा एकच रुंद एक्स-रे काढतात. तोच ओपीजी. त्यात कानापाशी असलेल्या सांध्यापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंतचा उभा भाग बघा. पुरुषांत तो साधारणपणे उंच आणि रुंद असतो. कोपऱ्याचा कोन पुरुषांत काटकोनाकडे झुकतो, बायकांत जरा पसरट असतो. वयात येताना पुरुषांचा जबडा जास्त वाढतो, चावण्याचे स्नायूही दणकट होतात आणि ते नेमके या कोपऱ्याला चिकटलेले असतात. म्हणूनच लहान मुलांच्या जबड्यावरून असा निर्वाळा देऊ नये.

एकट्या कोनावर मात्र मी विसंबणार नाही. दात पडले की जबडा झिजतो, कोन पसरतो. बोळक्या तोंडाचा म्हातारा बाई ठरू शकतो. ओपीजीत चित्र मोठं दिसतं, आडवी मापं तर जास्तच फसवतात. त्यामुळे उभी मापं आणि कोन एकत्र सूत्रात घालतात, तरीही काही जबडे चुकीच्या बाजूला जातातच.

सूत्र कुठल्या माणसांवरून बसवलं, हे त्याहून महत्त्वाचं. युरोपातल्या जबड्यांचं सूत्र मराठवाड्यातल्या औशाच्या किंवा हदगावच्या माणसाला जसंच्या तसं लावणं हा अन्याय आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली. मृतांची ओळख पटवायला अशा भागाकडे स्वतःची मापं हवीतच. त्यासाठी वेगळे एक्स-रे काढायची गरज नाही. उपचारासाठी काढलेले ओपीजी दंत महाविद्यालयांत असतातच. संमती घ्यावी, नावं काढून टाकावीत, वय आणि लिंग ठेवावं, आणि तयार झालेलं सूत्र वेगळ्याच माणसांच्या ओपीजींवर तपासावं.

शंका उरली तर दाढेच्या आतल्या गरातून डीएनए काढतात. दातांच्या एनॅमलशी संबंधित अमेलोजेनिन जनुकाची प्रत एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रांवर असते आणि दोन्हींची लांबी वेगळी. नेहमीच्या चाचणीत दोन तुकडे दिसले तर पुरुष, एकच दिसला तर बहुधा बाई.