सिनसिनाटी नदीकाठ दृश्यमालिका

अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील सिनसिनाटी शहराचे आठ डागेरोटाइप (धातूच्या पत्र्यावर थेट प्रतिमा उमटवण्याची छायाचित्रणाची आरंभीची पद्धत) पत्र्यांवर घेतलेले सलग छायाचित्र (१८४८). छायाचित्रकार : चार्ल्स फॉन्टेन व विल्यम साउथगेट पोर्टर. ओहायओ नदीपलीकडील न्यूपोर्ट (केंटकी) येथून घेतलेल्या या मालिकेत शहराचा सु. ३ किमी. लांबीचा काठ, धक्क्याला लागलेल्या आगबोटी व मागच्या चढणीवरील घरे दिसतात. आगबोटींच्या व्यापारावर हे शहर झपाट्याने वाढत होते : १८४० मध्ये लोकसंख्या ४६,३३८, तर १८५० मध्ये १,१५,४३५.

कालनिश्चिती : पत्र्यांवरून दिवस ठरवणे सोपे नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यास आगबोटींची नावे ओळखून ती तत्कालीन वृत्तपत्रांतील आवक-जावक व नदीच्या पाणीपातळीच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आली. त्यावरून २४ सप्टेंबर १८४८ हा दिवस निघाला व तोच सामान्यतः मान्य आहे. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली एका मनोऱ्यावरील, पत्र्यावर जेमतेम १ मिमी. व्यासाचे घड्याळ वाचता आले. त्यात दुपारचे दोन वाजत आलेले दिसतात. धक्क्यावर माणसे विरळ आहेत. तो दिवस रविवार होता, हे त्याचे एक कारण असावे; मात्र उद्भासन (पत्र्यावर प्रकाश पडू देणे) चालू असताना हलणारी माणसे पत्र्यावर नीट उमटत नाहीत, हेही विसरता येत नाही.

एवढा तपशील टिकण्याचे कारण तंत्रात आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यास आयोडिनाची धुरी देऊन, उद्भासनानंतर पाऱ्याच्या वाफेवर प्रतिमा उमटवली जाते. तिचे कण अतिसूक्ष्म असल्याने ती बरीच मोठी करून पाहिली, तरी वाळत घातलेले कपडेसुद्धा ओळखू येतात.

ही मालिका म्हणजे शहराचे पहिले विस्तृत छायाचित्र, असा दावा जपून स्वीकारावा. फ्रेडरिक फॉन मार्टेन्स याने १८४४–४५ च्या सुमारास पॅरिसमध्ये फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्याने वक्र पत्र्यावर रुंद दृश्ये घेतली होती. अमेरिकी शहराचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने विस्तृत छायाचित्र, एवढे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

मालिका १८४९ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटमध्ये प्रदर्शित झाली. मूळ पत्रे सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रही आहेत. डागेरोटाइपला निगेटिव्ह नसल्याने पत्रा गंजला की मूळ प्रतिमाच जाते. म्हणून रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयात त्यांचे जतनकार्य व सूक्ष्मदर्शकीय चित्रण करण्यात आले.