पट्टा ताणणारा कुत्रा तुमच्या डोक्यावर बसलेला नसतो

दुसरा कुत्रा दिसला की आपला कुत्रा पट्टा ताणतो, भुंकतो, उड्या मारतो. मग कुणीतरी हमखास सांगतं, "फार शेफारलाय. मालक कोण ते एकदा दाखवून द्या." पट्ट्याला हिसका द्या, उताणा पाडून दाबून धरा, हे सल्ले त्यातूनच येतात. कृपा करून ऐकू नका.

या समजाचं मूळ लांडग्यांत आहे. १९४७ साली प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं नोंदवली आणि ‘कळपाचा दादा’ ही कल्पना रुजली. पुढे १९९९ मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी स्पष्ट केलं की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. दादागिरीवर चालणारी टोळी नव्हे, एक कुटुंबच.

पट्टा ताणणारा कुत्रा बहुतेकदा घाबरलेला असतो, नाहीतर भेटायला आतुर असून अडकल्यामुळे वैतागलेला. हिसका बसला की तो एवढंच शिकू शकतो: दुसरा कुत्रा आला की मान दुखते.

खरं काम अंतर करतं. समोरचा दिसतोय, पण आपला अजून खाऊ घेतोय, हाकेला वळतोय, एवढं लांब उभं राहा. त्याने तिकडे पाहिलं की लगेच खाऊ. तोंड घट्ट मिटलं, अंग ताठरलं, नजर खिळली, की भुंकण्याआधीच मागे फिरा. असं रोज थोडं थोडं केलं की एक दिवस तो समोरच्याला पाहून आपणहून तुमच्याकडे मान वळवतो. मगच दोन पावलं पुढे जा.

माणसांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीतही तेच, हिसका नको. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड.