दरड कोसळणे : मानवी कारणे व प्रतिबंध

डोंगरउतारावरील माती, मुरूम व खडक आधार सुटून एकाएकी खाली येणे म्हणजे दरड कोसळणे. सह्याद्रीत बहुतेक दरडी पावसाळ्यातच कोसळतात. काळ्या बेसॉल्टवर झिजलेल्या मुरमाचा आणि तांबड्या मातीचा थर असतो. संततधारेचे पाणी त्यात मुरते, खालच्या खडकाशी अडते आणि साचत गेले की अख्खा थर खडकावरून निसटतो. पाऊस हे निमित्त असते. उतार आधीच कशाने पोखरला होता, हे मात्र दर वेळी विचारले पाहिजे.

सर्वांत घातक म्हणजे पायथा तोडणे. रस्त्यासाठी किंवा घराच्या जागेसाठी जेसीबीने उभा काप घेतला की वरच्या भाराचा टेकूच जातो. निघालेला राडारोडा ओढ्यात ढकलतात, मग तुंबलेले पाणी उतारात शिरते. जंगलतोडीचा परिणाम उशिरा दिसतो. तोडलेल्या झाडाची मुळे कुजायला काही वर्षे लागतात, तोवर ती माती धरून ठेवतात. म्हणून तोड आणि दरड यांचा संबंध गावाच्या ध्यानातच येत नाही.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. या भागात पडकईची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात एकमेकांच्या रानात राबून, दगडी बांध रचून थोडी थोडी भातखाचरे काढायची. तेच काम पुढे यंत्राने होऊ लागले. माळीणच्या कारणांबद्दल मतभेद आहेत, पण हाताने रचलेला बांध आणि यंत्राने उकरलेला उतार एक नव्हेत. उलट १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीपर्यंत गाडीरस्तासुद्धा नव्हता. प्रत्येक दरड माणसाच्या माथी मारता येत नाही.

गावाच्या हातातला पहिला उपाय म्हणजे पाण्याला वाट देणे. वस्तीच्या वरच्या अंगाला आडवा, किंचित उताराचा चर खणून पाणी बाजूच्या ओढ्यात सोडावे आणि मे महिन्यात त्यातला गाळ काढावा. दुष्काळी भागातले पाणी जिरवणारे समतल चर अतिपावसाच्या तीव्र उतारावर, घरांच्या डोक्यावर मुळीच खणू नयेत. तिथे पाणी मुरवणे हाच धोका आहे. तोडलेल्या कापाला रचीव दगडी भिंत घालावी, तिला पाणी निघायला भोके ठेवावीत. उतारावर वाळा, बांबू लावावा. कोकण रेल्वे पावसाळ्यात मार्गावर गस्त ठेवते. तशीच गस्त वाडीनेही डोंगरावर घालावी.

जमिनीला नवी भेग दिसली तर दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून अंतर दोरीने मोजावे व रोज ताडून पाहावे. अंतर वाढले, झाडे-खांब कलले, दारे चौकटीत अडकू लागली, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ झाले किंवा आटले, तर उजेड असतानाच वाडी सोडावी. जायचे ठिकाण पावसाळ्याआधी ठरलेले असावे. ती शाळा असेल, तर तिची किल्ली कोणाकडे आहे हे घराघरांत ठाऊक हवे, आणि शाळा त्याच उताराखाली नाही याची खात्रीही हवी.